घरावरून होडी जाताना

मी हे लिहायला बसलो, याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अंगठ्यापलीकडे गेलं नव्हतं. मी कॉलेजात गेलो, निबंधाला बरे गुण मिळाले, पण तेवढ्यावरून आपल्या माणसांविषयी लिहायचा अधिकार मिळतो का, हे मला अजून नीट कळलेलं नाही. शिवाय ज्याला एकदा तीन शब्दांचा निरोप वाचता आला नाही, त्याने दुसऱ्यांना वाचायला काही द्यावं हेही बरं दिसत नाही. तरी लिहितो. जिथे चुकेल तिथे माझं चुकलं असं समजावं.

आम्ही इंदापूर तालुक्यात, भीमेवरच्या धरणाच्या फुगवट्यात राहायचो. फुगवट्याच्या काठावर नव्हे, मधोमध. पाणी यायच्या आधी आमचं गाव खाली नदीकाठी होतं आणि गावाच्या वर एक उघडा माळ होता, तिथे मेंढरं चरायची. धरण भरलं, गाव खाली गेलं आणि माळ तेवढा वर राहिला. चहूबाजूंनी पाणी. सरकारने लांब रस्त्याकडेला नवं गावठाण वसवून दिलं होतं, बहुतेक लोक तिकडे गेले. दहा-बारा घरं मात्र माळावर चढून बसली, ती तिथेच राहिली. त्यात आमचं एक. पाणी आलं तेव्हा मी चार वर्षांचा होतो.

बाहेरचे लोक आमच्या माळाला बेट म्हणायचे. आम्ही माळच म्हणायचो. रस्त्याकडेच्या नव्या वस्तीला गावठाण. आणि 'गाव' हा शब्द आम्ही फक्त पाण्याखालच्या गावासाठी ठेवला होता. तो दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी वापरत नव्हतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की चिखलातून भिंती वर यायच्या. मग माणसं खाली जाऊन आपापला ओटा झाडायची, गाळ उपसायची, मारुतीपुढे दिवा लावायची. तेव्हा "आज गावात गेल्तो" असं सहज म्हणायचं. पण पाणी भरलेलं असताना कुणाबद्दल 'गावात गेला' म्हटलं, तर त्याचा अर्थ एकच होता, आणि तो बोलणाऱ्याला पुढे सांगावा लागत नसे.

थंडीत रोहित पक्षी यायचे, गुलाबी पायांचे. पुण्याहून माणसं कॅमेरे घेऊन यायची आणि माझ्या वडिलांच्या होडीतून फिरायची. वडिलांना मी तात्या म्हणतो. एकदा एक बाई होडीत उभ्या राहून म्हणाल्या, "किती सुंदर आहे हो हे! तुम्ही रोज बघता, नशीबवान आहात." समोर पन्नासेक पक्षी पाण्यात एका सरळ रेघेत उभे होते. त्यांनी विचारलं, "असे रांगेत का उभे राहतात?"

तात्या म्हणाले, "शाळंची भित हाय खाली. पाय टेकतो तितं."

बाई हसल्या. मग थोड्या वेळाने त्यांनी खाली पाण्याकडे पाहिलं आणि बसून घेतलं.

तात्यांची होडी पाण्यावरून जायची ती गावातल्या रस्त्यांनी. पाणी सगळीकडे सारखंच सपाट दिसायचं, पण ते चावडीपाशी वळायचे, कुंभारआळीतून सरळ जायचे. पाणी उतरणीला लागलं की होडी रेटायचा बांबू कधी कधी खाली कशाला तरी टक्कन लागायचा. वारा पडलेला असला की तो आवाज बराच वेळ पाण्यावर राहायचा. तात्या न थांबता सांगायचे, "सुताराचं उखळ." किंवा, "पार हाय ह्यो."

आणि एक रीत होती. होडी कुणाच्या घरावरून जायची वेळ आली, तर वल्हवणाऱ्याने आधी खाकरायचं. परक्याच्या अंगणात शिरताना पुरुषमाणूस खाकरतो, म्हणजे आत बायामाणसं असतील तर सावरून बसतील, तसंच. ही रीत कुणी पाडली माहीत नाही. माळावरचे सगळे होडीवाले ती पाळायचे. लहानपणी मला वाटायचं, होडी चालवली की घशात काहीतरी होतं. पुढे बारामतीला वसतिगृहात राहायला गेलो, तेव्हा कुणाच्या खोलीच्या दारात मी असाच खाकरायचो. मुलं नक्कल करायची.

आता आत्याबद्दल. ज्यासाठी लिहायला घेतलं ते हेच आहे.

आत्या म्हणजे तात्यांची थोरली बहीण. तिचं सासर गावातच होतं, मारुतीच्या मागे. पाणी यायच्या दिवसांत लोक घरं मोडून दारं-खिडक्या, वासे, पत्रे वर आणत होते. आत्याच्या नवऱ्याने, म्हणजे माझ्या मामांनी, सगळं आणलं होतं, फक्त उंबरा राहिला होता. सागवानी होता, त्यांच्या वडिलांनी बसवलेला. पाणी मारुतीच्या पायरीला लागलं होतं. मामा म्हणाले, "उंबरा तेवढा काढून आनतो, तू च्या टाक." आत्याने तीन दगडांवर चहा टाकला. त्या दुपारी पाणी एकदम चढलं. मामा आले नाहीत. पुढेही कुठे काही सापडलं नाही, अंगावरचं धोतरसुद्धा नाही.

माळावर आमच्या घराला लागून आत्याची खोली होती. तिला दार होतं, चौकट होती, उंबरा नव्हता. तात्यांनी दोनदा दगडी उंबरा आणून टाकला. तिने दोन्ही वेळा तो काढून गोठ्यात नेला. म्हणाली, "घरधनी उंबरा घेऊन याचेत, अन् तू दुसराच बसवतूस व्हय?" उंबरा नसल्यामुळे विंचू, कधी साप सरळ आत यायचे. आणि आत्या त्या दारातून आत-बाहेर करताना, जिथे उंबरा असायला हवा तिथे, पाय उचलून टाकायची. मीही तिच्या खोलीत जाताना पाय उचलायचो. आमच्या घरातली मांजरसुद्धा तिथून उडी मारून जाते, असं मला एकदा वाटलं होतं. ते खरं होतं की नाही, सांगता येत नाही.

मी दहावीत असताना मामांना जाऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षं माणूस परत आला नाही, तर पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग ज्याचं त्याचं मोकळं होतं. भावकी आमच्या अंगणात बसली. तात्यांनी सगळं बोलून ठेवलं होतं, पुतळ्याला पीठ दळून आणलं होतं. आत्या आपल्या खोलीतून बाहेर आली, कपाळावर नेहमीसारखं ठसठशीत कुंकू. ते पीठ तिने सुपात घेतलं आणि भाकरी थापायला बसली.

तात्या म्हणाले, "आक्का, काय करती?"

"जेवून जातील मंडळी. लांबनं आलीत."

"मानूस गेलंय आक्का. बारा वर्सं झाली."

"घरात हाय मानूस," ती म्हणाली. "घरात असल्यालं मानूस जाळत्यात व्हय रं? कुनाच्यात हाय अशी रीत?"

भावकी त्या भाकरी खाऊन गेली. एका म्हाताऱ्याला घास गिळेना, त्याने भाकरी धोतराच्या सोग्यात बांधून नेली.

त्या दिवसापासून तात्यांनी एक केलं. आत्याच्या घरावरून होडी नेताना ते खाकरेनासे झाले. इतर प्रत्येक घरावर खाकरायचे, त्या एका घरावरून मुकाट्याने वल्हवत जायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तितं कुनी न्हाय." बाकी होडीवाले मात्र खाकरायचे. आणि आत्या त्यांच्या होडीत असली, तर पदर डोक्यावर ओढून अगदी सहज म्हणायची, "या की, बसा." होडीत चार माणसं असायची, भाजीची पाटी असायची, कुणाची शेळी असायची. त्या एका वाक्यानंतर शेळीसुद्धा गप्प व्हायची.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो, त्या वर्षी पाऊस चांगला झाला आणि पाणी कधी नव्हे ते माळाच्या बाभळींपर्यंत आलं. पितृपंधरवड्यात मी घरी गेलो. इंदापूरला एसटीतून उतरलो, माणसं भरली की सुटणाऱ्या वडापच्या जीपने काठाला आलो. होडीत बसल्याबसल्या तात्यांनी सांगितलं, "आक्काच्या डोळ्यात फूल पडलंय. दिसना झालंय तिला. परवा सांजचं गुडघाभर पान्यात हुबी हुती. तुज्या आईनं हाताला धरून आनली."

"कशाला गेली होती?"

"झाडायला म्हनं."

मला भीती वाटली. गावठाणात आमच्या वाट्याला एक खोली आली होती. पत्र्याची होती पण पक्की, जवळ दवाखाना, दारात सडक. तिथे आत्याला ठेवावं, आई सोबत राहील, डोळ्याचं ऑपरेशन करून घेता येईल, असं सगळं मी मनात मांडलं. घरात मी एकटा शिकलेला. ही एक गोष्ट तरी माझ्या शिक्षणाने व्हावी, असं मला फार वाटत होतं. ती पाण्यापासून लांब जावी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या खोलीत पाय उचलून शिरलो आणि बोललो. बराच वेळ बोललो. ती केरसुणीला नवी दोरी गुंडाळत होती. डोळ्यांनी दिसत नव्हतं, बोटांनी बरोबर करत होती.

"तुमच्या कालेजात काय काय शिकिवत्यात रं?" तिने मधेच विचारलं.

"इतिहास हाय. भूगोल हाय."

"भूगोलात आपलं गाव हाय का?"

"न्हाय. धरण हाय नकाशात. निळा रंग दिलाय."

"निळा," ती म्हणाली आणि हसली. "रंगवनारानं पाह्यलं न्हाय वाटतं कवा. गढूळ हाय म्हनावं."

मी पुन्हा गावठाणाचं काढलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "जाईन की. किती दिस भावाच्या दारात ऱ्हायाचं? मानसानं आपल्या घरी जावं."

"कधी जातेस मग?"

"तुजी परीक्षा कवा हाय?"

"दिवाळीच्या आधी. संपली की मी येतोच."

"तू अभ्यास कर. माजं मी बघते. कुनाला घोर लावायची न्हाय मी."

मला वाटलं, पटलं तिला. आई भिंतीपलीकडून ऐकत होती. निघताना मी आत्याच्या पाया पडलो तेव्हा तिचे पाय पाहिले. टाचांना भेगा, अंगठ्याची नखं काळी. माळावर ती अनवाणीच असायची. गावठाणात डांबरी आहे, चटके बसतील, चपला घ्याव्यात, असं मी मनात ठरवलं. वीत लावून पावलाचं माप घेतलं.

"माप कशाचं घेतूस?" ती म्हणाली. "तिरडीचं का?"

मी रागावलो. ती हसत राहिली.

बारामतीत आल्यावर अभ्यास सुरू झाला. तिथे मुलं शनिवारी "गावाला चाललो" म्हणायची. पिंपळीचा एक मुलगा माझ्या खोलीत होता, तो दर आठवड्याला गावात जायचा आणि दशम्या घेऊन यायचा. मीही बोलता बोलता "आमच्या गावात असं, आमच्या गावात तसं" म्हणायला लागलो होतो. सुरुवातीला तो शब्द तोंडातून निघताना जीभ अडखळायची. मग अडखळेनाशी झाली. ते नेमकं कधी झालं, मला सांगता येणार नाही.

परीक्षेचे दोन पेपर झाले होते. दुपारी मेसमधून परत आलो तर वसतिगृहाच्या शिपायाने एक चिठ्ठी दिली. तो म्हणाला, "इंदापूर गाडीच्या कंडक्टरनं तोंडी सांगितलं, मी लिहून ठिवलं." कंडक्टरला वडापवाल्याने सांगितलं होतं, वडापवाल्याला तात्यांनी. चिठ्ठीत लिहिलं होतं:

'आत्या गावात गेली. घाई नको. पेपर संपवून ये.'

मी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि मला आनंद झाला. जे झालं ते असंच झालं. मला आनंद झाला. ती गेली, गावठाणात गेली, माझ्या शब्दाखातर गेली. तीन तोंडांतून निरोप आला होता. गावठाणाचं गाव कुणी केलं असेल तर नवल नव्हतं, असं मी मनाशी म्हटलंसुद्धा नाही. म्हणायची गरजच पडली नाही. गाव म्हणजे गाव, असंच मी वाचलं. खोलीतल्या मुलाला मी सांगितलं, "आमची आत्या शेवटी गावात राहायला गेली." तो म्हणाला, "बरं झालं की." मीही म्हणालो, बरं झालं.

उरलेले पेपर मी चांगले लिहिले. इतके चांगले मी आधी कधी लिहिले नव्हते.

एक गोष्ट तेवढी झाली. भूगोलाच्या पेपरला नकाशा भरायचा होता. मी निळी पेन्सिल हातात घेतली आणि घशात काहीतरी आल्यासारखं झालं. मी खाकरलो. पर्यवेक्षकांनी वर पाहिलं. वर्ग अगदी शांत होता, आणि मला उगीच वाटलं, कुणीतरी 'या' म्हणायला हवं होतं.

शेवटचा पेपर झाल्यावर मी बाजारात जाऊन विटकरी रंगाच्या चपला घेतल्या. दुकानदाराने वीत पाहून नंबर काढून दिला. त्या कागदात गुंडाळून पिशवीत वर ठेवल्या, दबू नयेत म्हणून. इंदापूरला उतरलो, वडापच्या जीपमध्ये बसलो. वडापवाला नेहमी फार बोलायचा, कॉलेजातल्या पोरींवरून चिडवायचा. त्या दिवशी त्याने माझ्याकडून भाडं घेतलं नाही आणि सबंध वाटेत गाडीतली टेप लावली नाही. गावठाणाच्या फाट्याला मी म्हणालो, "हितं उतरतो, आत्याला भेटून मग जातो."

त्याने गाडी हळू केली, माझ्याकडे पाहिलं, आणि थांबवली नाही. म्हणाला, "तात्या थांबलेत काठाला. आदी त्यांना भेट."

दिवस बुडायला अर्धा-पाऊण तास होता. वारा अजिबात नव्हता. पाणी बाभळीच्या बुंध्यापर्यंत भरलेलं, काचेसारखं सपाट, त्यावर आभाळ तांबूस पडलेलं. पुण्याच्या बाई म्हणाल्या होत्या तसं, खरंच सुंदर होतं. तात्या होडीत बसले होते. दाढीचे खुंट आले होते. डोक्यावर टोपी नव्हती. केस कापले होते, अगदी बारीक. माळावर दिवाळीच्या आधी न्हावी येऊन जातो, तसंच असेल असं मला वाटलं.

"पेपर कसं गेलं?" त्यांनी विचारलं.

"चांगले गेले. तात्या, मी आधी आत्याकडं जाऊन येतो. चपला आणल्यात तिला."

ते पिशवीकडे बघत राहिले. मग त्यांनी वल्हं हातात घेतलं.

"बस," ते म्हणाले. "तिच्याकडंच चाललोय."

मी बसलो. मला वाटलं, डोळ्यांचं काही झालं असेल आणि ती माळावर परत आली असेल. होडी निघाली. शाळेच्या भिंतीवर अजून पक्षी आले नव्हते. त्यांची वेळ पुढे होती. चावडीपाशी तात्या वळले. कुंभारआळीत पहिल्या घरावर ते खाकरले, दुसऱ्यावर खाकरले. एवढ्या शांततेत तो आवाज पलीकडच्या काठाला जाऊन परत आल्यासारखा वाटत होता. मी मांडीवर पिशवी धरून बसलो होतो.

माळाकडे जायला मारुतीच्या अलीकडून डावीकडे वळायचं असतं. तात्या वळले नाहीत. सरळ मारुतीच्या मागे आले.

तिथे पाण्यावर काहीच नव्हतं. एक काटकीसुद्धा नाही. फक्त होडीच्या लाटा सरकत सरकत गेल्या आणि मग पाणी पुन्हा सपाट झालं. तात्यांनी वल्हं पाण्यातून वर काढून आडवं ठेवलं. ते थेंब थेंब गळत होतं. मला ती जागा माहीत होती. चार-पाच वर्षं आम्ही तिच्यावरून मुकाट्याने जात होतो.

तात्यांनी मान खाली घातली आणि तिथे, आत्याच्या घरावर, ते खाकरले.